काळ्या रेघेची साक्ष

आमच्या घरी दिवाळीची बहुतेक खरेदी घरातली मंडळीच करतात. माझ्याकडे फक्त पणत्या आणण्याचे काम असते. त्यात फसण्यासारखे काही नाही असा मंडळींचा समज आहे. प्रत्यक्षात फसण्यासारखे पुष्कळ असते. यंदा कोपऱ्यावर पाटी घेऊन बसलेल्या कुंभारीणबाईंनीच मला सावध केले. मी डझनभर पणत्या उचलून पिशवीत टाकू लागलो तेव्हा त्या म्हणाल्या, "काका, अशा नका घेऊ. वाजवून घ्या." मी एकेक पणती बोटाच्या टिचकीने वाजवून पाहिली. काही खणखणीत वाजल्या, दोन बद्द वाजल्या. त्या दोन बाईंनी आपण होऊन बाजूला काढल्या आणि म्हणाल्या, "या कच्च्या राहिल्यात. तेल पितील."

घरी आलो तर अंगणात रांगोळीसाठी गेरूचा चौकोन सारवून झाला होता. संध्याकाळी त्याच चौकोनाच्या कडेला पणती लावली आणि रात्री विझल्यावर पाहिली, तर तिच्या चोचीवर काजळीचा काळा टिळा उमटला होता. वाचकहो, टिचकी, गेरू आणि काजळी या तीन घरगुती गोष्टी ध्यानात ठेवा. आजचे सदर त्यांच्याच आधाराने तीन हजार वर्षे मागे जाणार आहे. वाटेत मला माझी एक जुनी चूकही कबूल करायची आहे. दिवाळीत घराची झाडलोट करताना मनाचीही थोडी करावी म्हणतात.

माझ्या टेबलावर एक खापराचा तुकडा आहे. पन्नासेक वर्षांपूर्वी, मी कॉलेजात असताना, संगमनेरच्या खाली प्रवरेकाठी मामांच्या शेतात तो मला सापडला. दिवाळीच्या सुट्टीत मी तिकडे गेलो होतो. नांगरटीनंतर पाऊस पडून गेला होता आणि ढेकळांमधून खापरे डोके वर काढून बसली होती. त्यांतले एक वेगळे दिसले. तांबूस नारिंगी रंगाचे, पातळ, आणि त्यावर काळ्या रेघांनी काढलेला तिरपा चौकोन. चौकोनाच्या आत बारीक जाळी. मी ते खिशात घालून घरी आणले. मामींनी पाहिले मात्र, त्यांच्या कपाळाला आठी पडली. "अरे, सणासुदीचं फुटकं खापर कशाला घरात आणलंस? टाक बाहेर." मी हट्ट धरला तेव्हा म्हणाल्या, "मग निदान घासून तरी घे."

पितळी समया घासून उरलेली चिंच मोरीजवळ होतीच. मी ती चिंच आणि राख घेऊन खापर असे काही घासले, की त्याच्यावरचा पांढुरका थर पार निघून गेला आणि रेघा लखलखीत दिसू लागल्या. पुढे शहरात आल्यावर चमक टिकावी म्हणून त्याला वॉर्निशचा एक हातही दिला. स्वतःच्या कर्तबगारीवर मी फार खूश होतो.

ती खुशी दोन वर्षे टिकली. मग पुण्यात एका जाणकार गृहस्थांना मी ते खापर मोठ्या ऐटीत दाखवले. त्यांनी ते हातात घेऊन कडेने पाहिले, नखाने हळूच वाजवले आणि म्हणाले, "जोर्वे पद्धतीचे आहे. छान आहे. कुठे सापडले?" मी गावाचे नाव सांगितले. "शेताच्या कोणत्या अंगाला? वरच पडले होते की नांगराने खालून आणले? शेजारी आणखी काय होते?" मला एकाही प्रश्नाचे उत्तर देता येईना. त्यांनी खापर उजेडात धरून विचारले, "आणि याला वॉर्निश कोणी लावले?" याचे उत्तर मला येत होते, पण ते द्यावेसे वाटेना. शेवटी त्यांनी ते परत देताना एकच वाक्य उच्चारले: "रेघ काळी आहे हे दिसतेच आहे, ती कशाने काळी आहे, हा खरा प्रश्न."

त्या वेळी मला हा प्रश्न जरा पंडिती वाटला. काळे ते काळे, त्यात कशाने म्हणजे काय? पण पुढे त्याचा पिच्छा करता करता मला कळत गेले की एका कुंभाराची सारी विद्या या प्रश्नात साठलेली आहे.

प्रथम हे जोर्वे काय ते सांगतो. जोर्वे हे प्रवरेकाठचे, संगमनेर तालुक्यातले गाव. १९५०-५१ साली डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी तिथे उत्खनन केले आणि तिथल्या रंगीत भांड्यांवरून एका संस्कृतीला त्या गावाचे नाव मिळाले. पुढे नेवासे, दायमाबाद आणि शिरूर तालुक्यात घोड नदीकाठचे इनामगाव अशा ठिकाणी हीच भांडी निघाली. इनामगावला १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन चालले आणि शंभराहून अधिक घरे उजेडात आली. इसवी सनापूर्वी सुमारे १४०० ते ७०० हा या लोकांचा काळ. तांबे वापरणारे, पण अजून लोखंड न ओळखणारे हे शेतकरी. त्यांच्या भांड्यांत कंबरेशी कोन असलेले वाडगे, लांब नळीच्या तोटीचे पात्र आणि उंच गळ्याचे गडू ही नेहमीची मंडळी. माती बारीक, काम चाकावरचे, भाजणी उत्तम. वाजवले तर धातूसारखा नाद येतो. आमच्या कुंभारीणबाईंच्या परीक्षेत ही भांडी पहिल्या नंबराने उतरली असती.

आता त्या काळ्या रेघेकडे येऊ. गुप्तहेराच्या गोष्टीत असतात तसे इथे तीन संशयित आहेत.

पहिला संशयित काजळी, म्हणजे कोळसा. सर्वांत सोपे उत्तर हेच. पण ते टिकत नाही, आणि का टिकत नाही ते प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. तवा फार तापला की त्याच्या बुडाची काजळी ठिणग्याठिणग्यांनी पेटते आणि आपण म्हणतो, "तवा हसला, आता पाहुणे येणार." पाहुणे येवोत न येवोत, काजळी मात्र जळून जाते. जे तव्याच्या बुडाशी घडते ते भट्टीत अधिकच घडणार. मोकळ्या हवेत भांडे लालबुंद होईपर्यंत तापवले, तर त्यावरची कोळशाची रेघ वायू होऊन उडून जाईल. म्हणजे लाल भांड्यावर, भाजण्यापूर्वी काढलेली आणि भाजल्यावरही टिकलेली काळी रेघ साध्या काजळीची असू शकत नाही.

पण ती भाजण्यापूर्वी काढली हे कशावरून? सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की रंग पृष्ठभागात मुरून त्याच्याशी एकजीव झालेला दिसतो. भाजल्यानंतर वरून दिलेला रंग नुसता चिकटलेला असतो. तो पोपड्यासारखा सुटतो किंवा ओल्या बोटाला लागतो. चिंच आणि राख घेऊन मी एवढा घाम गाळला तरी माझ्या खापरावरची रेघ उभी राहिली, ही त्या अज्ञात कुंभाराच्या बाजूची माझ्याकडून मिळालेली एकमेव साक्ष.

दुसरा संशयित लोह. इथे आपला अंगणातला गेरू कामाला येतो. गेरूचा तांबडा रंग लोहाच्या गंजाचा, म्हणजे लोह आणि भरपूर प्राणवायू यांच्या संयुगाचा. पिवळी माती भाजली की लाल होते, तीही याच लोहामुळे. तिच्यात अडकलेले पाणी निघून जाते आणि मागे गेरूचेच द्रव्य उरते. पण हेच लोह, प्राणवायू कमी पडला तर, काळे होते. भट्टीची भोके बुजवली, ओले लाकूड टाकले, आत धूर कोंडला, की धुराला हवा असलेला प्राणवायू तो लोहातून ओढून घेतो आणि तांबडे भांडे काळवंडते. लोह तेच, हवा बदलली की रंग बदलला. मात्र यात एक अडचण आहे. धूर कोंडला तर रेघेबरोबर सारे भांडेच काळे होणार. आणि पुन्हा हवा सोडली तर भांड्याबरोबर रेघही लाल होणार. लाल भांड्यावर लोहाची काळी रेघ मिळवायची कशी?

या कोड्याचे जगप्रसिद्ध उत्तर प्रागैतिहासिक नाही, पण ते इथे सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. इसवी सनापूर्वीच्या सहाव्या-पाचव्या शतकांत ग्रीसमध्ये अथेन्सच्या कुंभारांनी लाल-काळ्या चित्रांची जी देखणी भांडी केली, त्यांत काळ्यासाठी वेगळा रंग नव्हताच. माती पाण्यात कालवून, निवळून, तिचा अतिशय बारीक भाग ते चित्रासाठी वापरीत. मग एकाच भट्टीत तीन खेळ. आधी हवा मोकळी, सारे लाल. मग हवा बंद, सारे काळे. आणि याच वेळी चित्रातली बारीक माती वितळल्यासारखी होऊन काचेप्रमाणे घट्ट मिटते. मग पुन्हा हवा मोकळी. भांड्याची सच्छिद्र माती प्राणवायू पिऊन परत लाल होते. मिटलेल्या चित्राच्या आत मात्र तो शिरू शकत नाही, आणि चित्र काळेच राहते. हा क्रम एकदा चुकला की महिन्याचे काम वाया.

तिसरा संशयित मँगनीज. हा त्या मानाने सरळ माणूस. मँगनीजचे काळपट दगड वाटून मातीत कालवले आणि त्याची रेघ काढली, तर भट्टीत हवा मोकळी असो वा कोंडलेली, ती काळी किंवा गडद तपकिरीच राहते. भांडे निवांतपणे लाल भाजा, रेघ काळी मिळेल. हवेचा खेळ करायला नको. पण योग्य दगड ओळखता आला पाहिजे. आजच्या रुमानिया, मोल्दोवा आणि युक्रेनच्या प्रदेशात इसवी सनापूर्वीच्या पाचव्या-चौथ्या सहस्रकांत कुकुतेनी-त्रिपोलिये नावाची संस्कृती नांदत होती. तिच्या भांड्यांवरची भोवऱ्यासारखी वेटोळी चित्रे पाहून आजचा चित्रकारही थक्क होईल. त्यांच्या काळ्या रंगात मँगनीज आणि लोह यांची संयुगे सापडली आहेत, लालात लोहाचे. आपल्या सिंधू संस्कृतीच्या लाल भांड्यांवरच्या काळ्या नक्षीची तपासणी मोहेंजोदडोच्या उत्खननानंतर पुरातत्त्व खात्याचे रसायनज्ञ सना उल्ला यांनी केली होती. तो रंग मँगनीजयुक्त लोहदगडाचा निघाला. म्हणजे दुसरा आणि तिसरा संशयित कधीकधी हातात हात घालूनही येतात.

आता रेघेकडे नुसते पाहून यांतला कोणता ओळखावा? डोळ्याला दोन्ही काळे सारखेच. इथे शास्त्रज्ञाची उपकरणे पुढे येतात. त्यांची नावे भारदस्त असली तरी कामाची तऱ्हा आपल्या परिचयाची आहे.

सर्वांत जुनी परीक्षा कुंभाराचीच. खापराचा लहानसा कपचा घेऊन मोकळ्या हवेत पुन्हा भाजायचा. काळे लोहाचे असेल आणि पुरते मिटलेले नसेल, तर ते लालीकडे झुकते; मँगनीजचे असेल तर काळेच राहते. ही परीक्षा स्वस्त आहे, पण तिच्यात कपचा खर्ची पडतो, आणि जिथे एकच तुकडा हाती आहे तिथे तो तोडवत नाही.

दुसरी तऱ्हा क्ष-किरणांची. खापरावर क्ष-किरण सोडले की त्यातले प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक शक्तीचे किरण परत फेकते. लोहाचे वेगळे, मँगनीजचे वेगळे. अंधारात माणसांना हाका मारल्या तर आवाजावरून ओळख पटते, तसेच हे. आता हे यंत्र हातात धरण्याजोगे लहान झाले आहे आणि खापराला ओरखडाही न काढता काम होते. पण यात एक फसगत आहे. किरण पातळ रेघेत थांबत नाहीत. ते खालच्या मातीत शिरतात आणि मातीही बोलू लागते. आपल्या दख्खनची माती तर काळ्या पाषाणाच्या झिजेतून झालेली, मुळातच लोहाने भरलेली. तेव्हा रेघेत लोह सापडले एवढ्यावर उडी मारणे म्हणजे देवळात घंटा ऐकून पूजा आपल्याच घरची म्हणणे. रेघेवर एकदा, शेजारच्या कोऱ्या जागेवर एकदा, असे मोजायचे आणि दोहोंतला फरक पाहायचा. शिवाय जमिनीतल्या पाण्यातून मँगनीजचे काळे डाग खापरावर आपोआपही चढतात. ते कुंभाराच्या नावावर मांडून चालत नाही.

तिसरी तऱ्हा ऐकून आपल्याला अभिमान वाटेल. क्ष-किरण मूलद्रव्य सांगतात, पण ते कोणत्या संयुगात बसले आहे ते सांगत नाहीत. गेरूतले लोह आणि काळे लोह यांची हाक एकच. त्यांच्यातला भेद सांगायला सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कलकत्त्यात लावलेला शोध उपयोगी पडतो. २८ फेब्रुवारी १९२८ हा त्या शोधाचा दिवस आपण राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतो. पदार्थावर एकाच रंगाचा प्रकाश टाकला की परत येणाऱ्या प्रकाशाचा अगदी थोडा भाग किंचित बदललेला असतो, आणि त्या बदलावरून पदार्थाची घडण कळते. रेघेच्या एका ठिपक्यावर लेसरचा झोत टाकून तिथले लोह लाल घडणीचे की काळ्या घडणीचे हे आता सांगता येते. मात्र हात हलका हवा. झोत प्रखर झाला तर काळे लोह त्या उष्णतेनेच लाल होते, आणि साक्षीदाराला दटावून हवी ती जबानी घेतल्यासारखे होते. वॉर्निश लावलेले खापर असेल तर त्या वॉर्निशचीच चमक एवढी उठते की रेघेचा क्षीण आवाज तिच्यात बुडून जातो. हे वाचले त्या दिवशी मी टेबलावरच्या खापराकडे पाहण्याचे टाळले.

रंगाची गोष्ट झाली. पण रंग ज्या अंगावर बसला ते अंगही बोलके असते. खापराची इतकी पातळ चकती काढतात की तिची जाडी मिलिमीटरच्या शंभर भागांतले तीन भाग उरते. तिच्यातून उजेड आरपार जातो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली वाळूचा कण न् कण आपले कूळ सांगतो. दख्खनच्या पाषाणातले कण दिसले तर माती जवळपासची. ग्रॅनाइटचे, अभ्रकाचे कण दिसले तर माती किंवा भांडे लांबून आलेले असण्याचा संभव. माती कशी कमावली तेही कळते. काळी माती भिजली की फुगते, वाळली की तडकते, म्हणून आपले कुंभार तिच्यात राख किंवा घोड्याची लीद मिसळतात. लीद जळून गेली तरी तिच्या काड्यांच्या आकाराच्या पोकळ्या मागे राहतात. तीन हजार वर्षांपूर्वी मातीत काय मळले होते ते या पोकळ्यांवरून वाचता येते.

विस्तव किती होता याचाही हिशेब लागतो. मातीतल्या निरनिराळ्या द्रव्यांची सहनशक्ती निरनिराळी. काही साडेपाचशे-सहाशे अंशांच्या आसपास मोडतात. चुनखडी साधारण सातशे ते साडेआठशे अंशांच्या दरम्यान फुटून तिचा चुना होतो. त्याहून वर मातीचे कण कडांना वितळून एकमेकांना धरू लागतात आणि भांड्याला तो खणखणीत आवाज येतो. खापरात कोण उरले आणि कोण गेले हे पाहिले की भट्टी किती तापली होती याचा अंदाज येतो. चुनखडीची भीती तर कुंभाराला आजही असते. मातीत एखादा खडा राहिला तर भट्टीत त्याचा कळीचा चुना होतो, पुढे तो हवेतला ओलावा पिऊन फुगतो, आणि घरात शहाण्यासारख्या बसलेल्या माठाचा टवका एक दिवस आपोआप उडतो. गिऱ्हाईक कुंभाराला बोल लावते. अपराधी असतो हरभऱ्याएवढा खडा.

वाचकांनी एक गोष्ट घरच्या घरी करून पाहावी. फुटलेल्या माठाची किंवा पणतीची ताजी कड पाहा. बऱ्याचदा दोन्ही बाजूंना लाल आणि मधे राखाडी किंवा काळा पट्टा दिसेल. विस्तव घाईने आटोपला, मातीच्या पोटातला कोळसा जळायला वेळ मिळाला नाही, असा त्याचा अर्थ. कड आरपार एकसारखी लाल असेल तर भाजणाऱ्याने घाई केली नाही. बाजूला काढलेल्या दोन पणत्यांपैकी एक मी मुद्दाम मागून आणली आणि फोडून पाहिली. मधला पट्टा काळाभोर होता. माझ्या प्रवरेकाठच्या खापराची कड मात्र एका रंगाची आहे. ज्याने ते भाजले त्याच्यापाशी जळण होते, वेळ होता आणि धीर होता.

आता या साऱ्याचा अर्थ काय लावावा? इथे दोन बाजूंनी तोल जाण्याचा धोका असतो. एक बाजू म्हणते, ती रानटी माणसे, हाताला येईल ते रेघाटत होती. हे खोटे आहे. कच्च्या भांड्यावर रेघ काढताना पुढे ती कशी दिसेल हे कुंभाराच्या डोळ्यांना दिसत नसते. ते त्याला आधीच माहीत असावे लागते. कोणता दगड आगीतून काळा निघेल आणि कोणती माती लाल, हे त्याने, तिने किंवा त्यांच्या वाडवडिलांनी शंभर भांडी बिघडवून शिकून घेतले होते आणि पुढच्या पिढीच्या हातात ठेवले होते. लिहिता न येणाऱ्या लोकांचे ते शास्त्र होते.

दुसरी बाजू त्याहून उतावळी. तिला एका रंगावरून लोकांची जात, भाषा आणि आगमनाचा मार्ग सांगायचा असतो. रेघेत मँगनीज सापडले की लगेच विदर्भाशी व्यापार! मँगनीजचे मोठे साठे नागपूर-भंडारा भागात आहेत हे खरे. पण थोडे मँगनीज मातीतल्या गाठींतही मिळते. तेव्हा मँगनीज सापडले म्हणजे एक चांगला प्रश्न सापडला. तो सोडवायचा तर दहावीस गावांची खापरे, त्या गावांची माती आणि जवळपासचे दगड शेजारी शेजारी ठेवून मोजले पाहिजेत. भांडे कोणाच्या घरात होते हे खापर सांगेल. त्या घरात कोणती भाषा बोलत होते हे सांगणे त्याच्या अधिकाराबाहेरचे आहे.

आणि काही गोष्टी उपकरणाने मोजून भागत नाहीत, तरी मोजलेल्या गोष्टींच्या शेजारी ठेवाव्याच लागतात. इनामगावच्या आणि तत्कालीन इतर वस्त्यांच्या घरांत जमिनीखाली लहान मुलांची दफने सापडली. दोन जाड, हाताने घडवलेले मातीचे रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे आणि त्यांच्या पोटात मूल निजवायचे, अशी त्या लोकांची रीत होती. घराबाहेर लांब कुठे नेले नाही; घराच्या भुईखालीच ठेवले. ते रांजण ओबडधोबड असत. पण त्यांच्याबरोबर पुष्कळदा एखादा रंगवलेला वाडगा किंवा तोटीचे पात्र ठेवलेले असे. तेच, बारीक मातीचे, चाकावरचे, काळ्या रेघांचे. घरातले चांगले भांडे लेकराबरोबर दिले होते.

हे कळल्यावर मला मामींचे बोलणे आठवले. फुटके खापर घरात नको म्हणताना त्यांच्या मनात मृत्यूची छाया होती. आपल्याकडे मडके फुटते ते त्या वेळी. तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका आईच्या मनात भांड्याविषयी काय होते ते मला माहीत नाही. पण माझ्या खिशात आलेला तो तुकडा स्वयंपाकघरातला होता, उकिरड्यावरचा होता की अशा एखाद्या निजलेल्या लेकराच्या उशाचा होता, हे कळण्याची एकच वाट होती: तो कुठे, किती खोल आणि कशाच्या शेजारी पडला होता हे पाहणे. ती वाट मी तुकडा उचलताना मोडली. चिंचेने जो पांढरा थर घासून काढला त्यात जमिनीतल्या पाण्याची नोंद होती. आतल्या अंगाला शिजलेल्या अन्नाचा किंवा तेलाचा काही अंश मुरलेला असेल, तर तो शोधण्याच्या कामातही माझ्या घासण्याने आणि वॉर्निशने घोळ करून ठेवला. आता माझ्या खापरापाशी एक सुंदर रेघ उरली आहे आणि तिच्या मागचा-पुढचा सगळा मजकूर मी पुसला आहे.

म्हणून वाचकांना दिवाळीच्या शुभेच्छांबरोबर एक विनंती. प्रवरेकाठी, गोदाकाठी, घोड-भीमेच्या काठी, तापीच्या खोऱ्यात अनेकांची शेते आहेत, आजोळे आहेत. नांगराच्या तासात काळ्या रेघांचे खापर दिसले तर ते उचलू नका, धुऊ नका, चिंच तर मुळीच लावू नका. जागच्या जागी त्याचा फोटो काढा, बांधापासून किती पावले ते मोजून लिहा आणि पुरातत्त्व खात्याला किंवा हा विषय शिकवणाऱ्या जवळच्या महाविद्यालयाला कळवा. जागेवर पडलेले साधे खापर हे कपाटात ठेवलेल्या देखण्या खापरापेक्षा जास्त बोलते.

परवा त्या कुंभारीणबाईंना मी माझे खापर नेऊन दाखवले. त्यांनी ते पदराने पुसले, कड पाहिली आणि काही न विचारता नखाने वाजवले. नाद ऐकून क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "भाजणारा शहाणा होता."

जाणकारांच्या एवढ्या उपकरणांनी जे सांगितले त्याच्याशी हे तंतोतंत जुळते. त्या रात्री मी खापरापाशी एक खणखणीत पणती लावून ठेवली. सकाळी पाहिले तर पणतीच्या चोचीवर नेहमीची काजळी होती. बोट लावले तशी ती बोटाला आली. शेजारची काळी रेघ मात्र जिथल्या तिथे होती.